‘नादुरुस्त’ या शेऱ्यामागे

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. माणसे अडकून पडली आणि त्यांच्यासाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, वर्धा नदीने वणी तालुक्यातील काठची गावे पाण्यात घेतली होती. आणि २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून एस. टी. ची बस वाहून जाऊन प्रवासी दगावले होते. कोरडवाहू कापसाचा आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख पक्की झाली आहे, त्या जिल्ह्यावर पाणीही असे उलटते, हे प्रत्येक पावसाळ्यात नव्याने कळल्यासारखे शासन वागते.

हेलिकॉप्टर आले की त्याचा गाजावाजा होतो. परंतु पूर आलेल्या रात्री हेलिकॉप्टर उडत नाही, ढग खाली उतरलेले असताना उडत नाही, आणि नेमका तोच काळ माणसे मरण्याचा असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरहून निघाली तरी उमरखेड सुमारे अडीचशे किलोमीटर दूर; आणि वाटेतले नाले रस्त्यावर आलेले असतात ते निराळेच. तेव्हा पहिल्या सहा तासांत जी काही सुटका व्हायची, ती तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या बोटीनेच होऊ शकते. आणि बोट म्हणजे तिच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन, ज्याला सरकारी कागदांत ‘ओ. बी. एम.’ म्हणजे आउटबोर्ड मोटार म्हणतात. ते इंजिन लागले तर बोट, नाही तर तो नुसता रबराचा तराफा. पुराच्या ओढीपुढे वल्ही चालत नाहीत, हे पैनगंगेच्या काठच्या पोरालाही ठाऊक असते.

अशा इंजिनांच्या नोंदवहीत एक शब्द हमखास भेटतो : ‘नादुरुस्त’. हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात दोष कोणता, तो कोणी पाहिला, काढायला किती वेळ लागेल, किती पैसे लागतील, यातले काहीच सांगावे लागत नाही. रुग्णाच्या कागदावर डॉक्टरने केवळ ‘आजारी’ एवढेच लिहावे, तसा हा प्रकार आहे. पुढे मग एक तर यंत्र निर्लेखित करून नवे खरेदी करण्याचा प्रस्ताव जातो, किंवा कुठल्या तरी दूरच्या शहरातील ठेकेदाराशी देखभालीचा वार्षिक करार होतो. दोन्हींत पैसा खर्च होतो आणि दोन्हींत तालुक्यातील एकाही माणसाच्या हातात नवे ज्ञान येत नाही. वास्तविक जुन्या इंजिनाच्या बाबतीत या एका शब्दाखाली पाच-सहा अगदी निरनिराळे दोष दडलेले असतात. त्यांतील बहुतेक एका दुपारी निघण्याजोगे असतात आणि ते काढणारी माणसे यवतमाळ जिल्ह्यात चौकाचौकांत बसलेली आहेत.

ही विधाने भावनेच्या भरात केलेली नाहीत, हे पटण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे शिरावे लागेल. कार्यकर्त्यांनी कंटाळू नये. अंदाजपत्रकातील लेखाशीर्षे समजून घेण्यापेक्षा हे सोपे आहे.

अमेरिकेतील मिल्वॉकी गावी ओले एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या कारागिराने १९०९ साली अशी मोटार विक्रीला आणली. तिच्या डोक्यावर एक जड चाक होते आणि त्याला हाताने फिरवायची मूठ होती. आजही इंजिनाचे वरचे झाकण काढले की दोरी गुंडाळलेल्या भागाखाली तेच जड चाक दिसते. पुस्तकात त्याला गतिचक्र म्हणतात, जगभर फ्लायव्हील म्हणतात आणि आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘मॅग्नेट’च म्हणतात, कारण त्याच्या कडेच्या आतल्या बाजूस लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाचे काम दुहेरी आहे. एक, दोन स्फोटांच्या मधल्या काळात शाफ्ट फिरता ठेवणे; दुसरे, वीज निर्माण करणे. चाक फिरले की चुंबक खालच्या स्थिर तबकडीवरील कॉइलपुढून सरकतात आणि कॉइलमध्ये प्रवाह येतो. शाफ्टवरील उंचवटा नेमक्या क्षणी ‘पॉइंट’ उघडतो, प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उसळून प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. बॅटरी लागत नाही. दोरी ओढणाऱ्या हाताचीच वीज होते. पुरात हा मोठाच गुण आहे.

आता असे यंत्र वर्षभर गुदामात उभे राहिले की काय होते? पॉइंटच्या दोन टिकल्यांवर दमट हवेने राखी रंगाची पातळ साय चढते. डोळ्याला ती धड दिसतही नाही. परंतु तिच्यामुळे प्रवाह जुळत नाही आणि ठिणगी मरते. यंत्र ‘नादुरुस्त’ झाले! उपाय म्हणजे बारीक पॉलिशपेपरचा एक हात, मग कोऱ्या कागदाची पट्टी टिकल्यांमधून ओढून घेणे, आणि फीलर गेज घालून फट नेमकी करणे. जॉन्सन व एव्हिनरूडच्या कित्येक जुन्या मोटारींत ही फट एक इंचाच्या वीस हजारांशांची, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असते. टिकल्या वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलायचा. जुन्या कॉइलचे आवरण तडकून त्यात ओल शिरली असेल तर कॉइल बदलायची. यात गूढ असे काहीही नाही.

परंतु तपासाला एक क्रम असतो, आणि क्रम न पाळणारा मिस्त्री चांगल्या यंत्राची वाट लावतो. प्रथम पाहायची ती इंजिन बंद करण्याची कळ. चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप थांबावे म्हणून नव्या धाटणीच्या मोटारींना त्याच्या मनगटाशी बांधायची दोरी असते. तिचे टोक कळीत नीट बसले नसेल तर सात जन्म दोरी ओढली तरी ठिणगी पडणार नाही. त्यानंतर प्लग काढून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून दोरी ओढायची. आसपास पेट्रोलची वाफ नाही ना, एवढे आधी पाहायचे. जुन्या पॉइंटच्या यंत्रात ठिणगीने सुमारे सहा मिलिमीटरांची फट ओलांडली पाहिजे आणि ती निळसर, टणक दिसली पाहिजे. पिवळी, दबकी ठिणगी उघड्या हवेत पडते आणि सिलिंडरच्या दाबाखाली विझते. ठिणगी नाहीच, तर बंद करण्याच्या कळीकडे जाणारी तार सोडवून पुन्हा पाहायचे. तार सोडताच ठिणगी आली, तर दोष कळीत आहे आणि चाकाला हात लावण्याचे कारणच नाही.

येथे दोन सिलिंडरांच्या मोटारींविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. अशा पुष्कळ जुन्या मोटारींत प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट आणि कॉइल स्वतंत्र असते. दोन्हीकडची ठिणगी एकदम गेली, तर दोष बहुधा सामाईक जागी, म्हणजे कळीत. एकाच बाजूची गेली, तर त्याच बाजूचा पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल. ही दुसरी अवस्था फार घातक असते. कारण एका सिलिंडरवरही इंजिन सुरू होते, धूर सोडते, पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत आलेल्या साहेबांचे समाधान करते आणि कागदावर ‘सुस्थितीत’ असा शेरा मिळवते. तेच इंजिन भरलेल्या बोटीनिशी प्रवाहात गेले की दम टाकते. ‘नादुरुस्त’ या खोट्या शेऱ्यापेक्षा ‘सुस्थितीत’ हा खोटा शेरा अधिक जीवघेणा ठरतो. दोन्ही प्लगांची ठिणगी वेगवेगळी पाहिल्याशिवाय कोणीही त्यावर सही करू नये.

ठिणगी दोन्हीकडे सणसणीत आहे, पेट्रोल पोचते आहे, तरी इंजिन फटफटते, कार्ब्युरेटरमधून उलटे उडते, ओढलेली दोरी हिसका देऊन हात मागे खेचते. अशा वेळी संशय चाकाच्या चावीवर घ्यावा. शाफ्ट आणि चाक यांच्या खाचांत अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी बसवलेली असते. ती अर्धवट कापली गेली की चाक किंचित सरकते, आणि ज्या मोटारीत ठिणगीची वेळ चुंबकांच्या जागेवर ठरते तिची वेळ चुकते. चावी का कापली जाते? कारण चाकाला खरे धरून ठेवते ते चावी नव्हे, तर शाफ्टचे निमुळते टोक आणि वरचा नट. नट पुरेसा कसलेला नसेल, किंवा निमुळत्या भागावर तेल-ग्रीस राहिले असेल, तर सारा भार त्या बिचाऱ्या चावीवर येतो. दुसरे कारण आपल्याकडच्या नद्यांच्या स्वभावात आहे. पुरात ओंडके वाहतात, तळाला काळा खडक असतो. पंख्यावर आघात झाला की तुटावी म्हणून पुष्कळ लहान मोटारींत पंख्याच्या दांड्याला एक मऊ धातूची पिन दिलेली असते. ती तुटली म्हणून कोणी तिथे कडक लोखंडी खिळा ठोकला, की पुढचा आघात खाली न जिरता वर इंजिनापर्यंत जातो. काही पैशांची पिन वाचवून काही हजारांचे नुकसान करण्याची ही रीत केवळ बोटीपुरती मर्यादित नाही, असो.

चाक काढण्याची रीत हीच खरी कसोटी. चाकाच्या मध्यभागी तीन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत पुलरचे बोल्ट घट्ट बसवून मधला स्क्रू आवळत न्यायचा. चाक सुटत नसेल तर पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक नेटका टोला. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारणे, कडेखाली पेचकस घालून उचकटणे, किंवा कडेला नखांचा पुलर लावून खेचणे, हे तिन्ही प्रकार यंत्राच्या खुनात मोडतात. चाक निघाले की चुंबक नीट पाहायचे. पुढच्या काळातील काही मोटारींत ते डिंकाने चिकटवलेले असतात आणि जुने झाले की सुटतात. चाक हाताने फिरवताना घासल्याचा आवाज येणे किंवा खालच्या कॉइलवर ओरखडे दिसणे ही त्याची खूण. असे चाक वापरू नये, बदलावे. परत बसवताना निमुळता भाग कोरडा पुसायचा आणि नट त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या जोराने, मोजपट्टीच्या पान्याने कसायचा. ‘अंदाजाने घट्ट’ हे माप नव्हे.

हे सारे वाचताना दिग्रस, पुसद, आर्णी किंवा वणीच्या एखाद्या वयस्क मिस्त्रीला हसूच येईल. कारण हे त्याला पाठ आहे! १९७२ साली लूना बाजारात आली. त्यानंतरची कित्येक वर्षे लूना आणि बजाजच्या स्कूटरी यांच्यावर या गावांतल्या शिक्षकांचा, ग्रामसेवकांचा, दूधवाल्यांचा संसार चालला. त्यांच्यातही हेच चुंबकाचे चाक, हाच पॉइंट, हाच कंडेन्सर, हीच अर्धचंद्राकृती चावी होती. ज्याने झाडाखाली पोते अंथरून शेकडो लूनांचे ‘मॅग्नेट’ काढले, त्याला आउटबोर्ड मोटार परकी नाही. फक्त शाफ्ट आडवा असायचा तो येथे उभा आहे. परंतु सरकारी व्यवहारात या माणसाला अस्तित्व नाही. त्याच्याकडे जी. एस. टी. क्रमांक नाही, तो निविदा भरीत नाही, म्हणून त्याने शासकीय यंत्राचा नट फिरवणे हा नियमभंग होतो. त्याच यंत्राने तिसऱ्या प्रहरी नदीच्या मधोमध बंद पडणे मात्र कोणत्याही नियमाचा भंग ठरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो अगदीच निराधार नाही. आजच्या मोटारींत पॉइंट नसतात. चाकाखाली चार्ज कॉइल आणि ट्रिगर कॉइल असते आणि ठिणगीची वेळ ठरवणारी एक बंद डबी असते, जिला सी. डी. आय. म्हणतात. ती उघडता येत नाही, बिघडली तर बदलावीच लागते. थंड असताना चालून तापल्यावर दगा देण्याची खोडही तिला असते. झाडाखालचा मिस्त्री येथे काय करणार, असे विचारले जाईल. उत्तर असे की, तो निदान करू शकतो. कॉइलचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजता येतो, तो पुस्तकातील आकड्याशी ताडता येतो, आणि डबी मागवण्यापूर्वी दोष कॉइलचा, तारेचा की डबीचा हे ठरवता येते. मात्र अशा यंत्रात प्लगची तार मोकळी सोडून दोरी ओढू नये, डबी जळण्याचा संभव असतो, एवढे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. सांगायचे कोणी? तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तेथे मोटार मेकॅनिक शिकतात. दोन दिवसांचा हा पाठ त्यांना जड नाही.

सुट्या भागांचा प्रश्न मात्र खराच कठीण आहे, आणि तो मिस्त्रीचा नसून धोरणाचा आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड या मोटारी बनवणारी अमेरिकन कंपनी २००० सालच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये कायमचे थांबले. दूरच्या भागधारकांनी एक निर्णय घेतला आणि जगभरच्या नद्यांवरील यंत्रे अनाथ झाली. अशा बाजारात दर खेपेस सर्वात कमी दराच्या निविदेमागे धावून एका जिल्ह्यात चार कंपन्यांची चार इंजिने जमवली, तर एकाची कॉइल दुसऱ्याला बसत नाही आणि मोडलेल्या दोनांतून एक चालू करण्याचा गरिबाचा मार्गही बंद होतो. संपूर्ण राज्यात एक-दोन ठरावीक मॉडेले, त्यांचे पॉइंट-कॉइल-चाव्या-पिना यांचा साठा विभागीय ठिकाणी, आणि प्रत्येक इंजिनाबरोबर त्याचे मराठी पुस्तक, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

यंत्र आणायचे आणि त्याबरोबरचे ज्ञान वाटेत सांडायचे, याची किंमत या जिल्ह्याने एकदा मोजलेली आहे. २०१७ च्या खरिपात कीटकनाशकांच्या फवारणीने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. तेव्हा औषधांबरोबर यांत्रिक फवारणी पंपांचीही चर्चा झाली. पंप पाठीवर आला होता. तो कसा वापरावा हे मात्र मजुराला कोणी शिकवले नव्हते, आणि अखेरीस दोष त्याच्याच ‘निष्काळजीपणा’वर ढकलण्याचा प्रयत्न झाला. बोट बुडाली तर असाच दोष दोरी ओढणाऱ्या होमगार्डवर येईल.

बोट चालवणाऱ्यांविषयीही हेच म्हणता येईल. पूस, अरुणावती, बेंबळा, इसापूर या जलाशयांवर मासेमारी करणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. पाणी कुठे फिरते, कुठे ओढते, हे त्यांना कळते. मिस्त्री आणि मच्छीमार यांची जोडी प्रत्येक नदीकाठच्या तालुक्यात नेमून तिला वर्षभराचे मानधन देणे, ही काही अंदाजपत्रक हलवून टाकणारी बाब नाही. त्यांचे काम इतकेच, की महिन्यातून एकदा इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उतरवून दहा मिनिटे चालवायचे. कोरडे चालवले तर थंड पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा जळतो, म्हणून पिंप. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकायचे. इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल ओल धरते आणि कार्ब्युरेटर खराब करते, तेव्हा ठिणगी असूनही इंजिन लागत नाही. आणि दोन्ही प्लगांची ठिणगी पाहून वहीत तारीख घालायची.

दर मे महिन्यात तहसिलींत मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. उमरखेड, महागाव, वणी, मारेगाव, झरी-जामणी येथील कार्यकर्त्यांनी तिच्या आधी माहितीच्या अधिकाराखाली चार प्रश्न लेखी टाकावेत : तालुक्यातील बोटीचे इंजिन शेवटचे कोणत्या तारखेला चालवले, प्लग आणि पॉइंट कधी बदलले, पुलर, फीलर गेज आणि जादा पिना कोणत्या पेटीत आहेत, आणि रात्री दोन वाजता बोलवायच्या मिस्त्रीचे नाव काय. उत्तर ‘नादुरुस्त’ आले, तर त्याखाली दोष लिहून मागावा. उत्तर ‘सुस्थितीत’ आले, तर बैठकीच्या दिवशी तहसिलीच्या आवारात पाण्याचे एक पिंप भरून ठेवावे, गावच्या मिस्त्रीला सोबत न्यावे, आणि साहेबांना झाकण काढायला सांगावे.